तोंडलीची काडी

तोंडलीची भाजी तुम्हाला आवडते का? मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी आत्ता नाक मुरडले असेल. माझी भाचीही लहानपणी असेच नाक मुरडायची. ताटातली तोंडली हळूच माझ्या ताटात सरकवायची. पण गंमत बघा हं. हीच मुलगी पुढे शिकायला परदेशी गेली आणि दर रविवारी फोनवर म्हणू लागली, "मावशी, तुझ्या हातची तोंडलीची भाजी खावीशी वाटते गं!" घरापासून लांब गेले, की घरची नावडती भाजीसुद्धा गोड लागते, ती अशी!

ही भाची शिकत होती हवाई बेटांवर. मी हे नाव सांगितले तेव्हा शेजारचा छोटा मला म्हणाला, "आजी, म्हणजे ती बेटं हवेत आहेत का?" हवेत नाहीत रे बाबा, पाण्यातच आहेत. पण केवढे पाणी! नकाशात पॅसिफिक महासागर काढा आणि त्याच्या साधारण मध्यावर बोट ठेवा. तिथे ठिपक्यांची एक ओळ दिसेल. तीच हवाई बेटे. राज्य अमेरिकेचे, पण अमेरिकेचा किनारा तिथून सुमारे ३८०० किलोमीटर दूर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेलात, तरी एवढे अंतर होत नाही. आणि या अंतरात चहूकडे फक्त समुद्र.

मी साताऱ्याजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवायची. २०१७ साली निवृत्त झाले आणि २०१८च्या मे महिन्यात भाचीकडे निघाले. सामान भरताना माझ्या मनात एक युक्ती आली. आमच्या परसात तोंडलीचा वेल आहे. माझ्या आईने लावलेला. तोंडली काडीपासून लागते, हे तुमच्या आजीला विचारा. पेराची एक काडी मातीत खोचली, की झाले काम. म्हटले, भाजी काही एवढ्या दूर टिकायची नाही, पण वेलच नेला तर? पोरीला दारातच तोंडली मिळतील! मी बोटभर लांबीच्या चार काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि कपड्यांच्या घडीत ठेवल्या. कुणाला काही बोलले नाही. भाचीला चकित करायचे होते ना!

टोकियोहून होनोलुलूकडे जाणाऱ्या विमानात एक फॉर्म हातात आला. त्यात एक प्रश्न होता : तुम्ही बरोबर फळे, भाज्या, झाडे, बियाणे, कीटक यांपैकी काही आणले आहे का? पुढे दोन चौकोन. हो आणि नाही.

खोटे कशाला सांगू, माझे पेन आधी 'नाही'कडेच वळले. एवढीशी काडी! कोण बघतेय? पण मग मला आठवला आमचा वर्ग. तीस वर्षे मी मुलांना सांगत आले, "कुणी बघत नसलं तरी कॉपी करायची नाही." आता कुणी बघत नव्हते आणि पेन माझ्या हातात होते. शेवटी मी 'हो'वर खूण केली. यात मोठा पराक्रम नव्हता, मुलांनो. थोडी लाज होती आणि बरीचशी भीती होती.

विमानतळावरच्या बाईंनी ती पुरचुंडी उलगडून पाहिली. रागावल्या नाहीत. उलट "सांगितलंत, बरं झालं" असे म्हणाल्या आणि काड्या एका पिशवीत टाकून पिशवीचे तोंड बंद केले. संपले. आईच्या हातच्या वेलाच्या चार काड्या कचऱ्यात गेल्या. नियम म्हणजे नियम, हे मला कळत होते. पण मन मात्र म्हणत होते, 'एवढ्याशा काडीने यांच्या बेटांचे काय बुडणार होते?'

याचे उत्तर मला आठवड्याभरातच मिळाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिरायला निघालो. रस्त्याच्या कडेला तारेचे लांबच लांब कुंपण होते. त्यावर हिरवागार वेल पसरलेला. पाने पाचकोनी, फुले पांढरीशुभ्र आणि अधूनमधून लालभडक पिकलेली फळे. मी जागीच थबकले. "अगंबाई, ही तर आपली तोंडली!" मी ओरडलेच. परक्या गावात अचानक शेजारीण भेटावी, तसा मला आनंद झाला. एक हिरवे फळ तोडून मी चावूनही पाहिले. कडूजहर! रानतोंडली होती ती.

भाची मात्र हसली नाही. तेव्हा मी तिला काड्यांची हकिगत सांगितली. तिने चक्क कपाळावर हात मारला. "मावशी, शनिवारी मी तुला एके ठिकाणी नेणार आहे. हा वेल काय करतो ते तिथं बघ, मग बोल."

शनिवारी ती मला एका टेकडीवर घेऊन गेली. टेकडी कोरडी, उन्हाने तापलेली, अगदी आपल्या माणदेशातल्यासारखी. तिथे पंधरा-वीस माणसे जमली होती. शाळकरी मुले होती, कॉलेजातली होती, म्हातारेही होते. सगळ्यांच्या पुढे एक पांढऱ्या केसांच्या आजी. सगळे त्यांना 'आंटी' म्हणत. तिथे वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणायची रीत आहे, आपण नाही का ओळखपाळख नसली तरी मावशी म्हणतो, तशीच. आंटींनी सगळ्यांच्या हातात मोजे दिले आणि समोर बोट दाखवले.

समोर हिरवी गोधडी अंथरल्यासारखा वेल पसरला होता. तोंडलीच! त्याच्याखाली काही आहे हेसुद्धा दिसत नव्हते. आम्ही वेल ओढायला लागलो. अर्ध्या तासाने गोधडीखालून एक रोप बाहेर आले. माझ्या कमरेएवढे, वाकलेले, पिवळे पडलेले. एका देठावर तीन-तीन पाने. मी पाहताच म्हटले, "हा तर पांगारा!"

पांगारा नव्हे, पण पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याचे नाव विलिविली. आपला पांगारा तुम्ही पाहिला असेल, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलतो तो. विलिविलीची फुले केशरी, पिवळी, कधी पांढरट, तर कधी हिरवटही असतात. हे झाड साऱ्या पृथ्वीवर फक्त हवाई बेटांवरच रानात उगवते. दुसरीकडे कुठेही नाही. आणि ते माझ्या तोंडलीखाली गुदमरत होते.

हा वेल तिथे दिवसाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, असे म्हणतात. कुणीतरी तो आवडीने बागेत लावला. लाल फळे पक्ष्यांनी खाल्ली आणि बिया रानोमाळ टाकल्या. वर चढून तो झाडाचे ऊन अडवतो आणि ऊन नाही म्हणजे झाडाला जेवण नाही. जमिनीत त्याचा कंद चांगला जाडजूड असतो. वरचा वेल ओढून काढला तरी कंदातून पुन्हा फूट. आणि काढलेल्या वेलाची काडी मातीवर पडून राहिली, तर तीही रुजायची! म्हणून आंटींनी आम्हाला काडी न काडी गोळा करून पिशवीत भरायला लावली. मी वाकून एकेक बोटभर तुकडा उचलत होते आणि मला माझी ओल्या फडक्यातली पुरचुंडी आठवत होती.

आंटींनी मला विचारले, "तुमच्या देशात या वेलाचं काय करता?"

"आम्ही त्याची भाजी खातो," मी म्हटले.

सगळे खो-खो हसले. आंटी म्हणाल्या, "मग तुमच्या गावातली सगळी माणसं इकडे पाठवा ना! एकदाची खाऊन टाका!"

तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडेही तोंडली आहेच की! मग इथे का नाही सगळीकडे गोधडी पसरत? हाच प्रश्न मी त्या संध्याकाळी भाचीला विचारला. उत्तर सोपे आहे. आपल्याकडे या वेलाला खाणारे पुष्कळ. पाने कुरतडणाऱ्या अळ्या आहेत, खोड पोखरणारे किडे आहेत, शेळ्या आहेत आणि आपण आहोतच. हजारो वर्षे ही मंडळी त्याला वेसण घालत आली. हवाईला जाताना वेल एकटाच गेला. त्याचे शत्रू इथेच राहिले. मास्तर नसलेल्या वर्गासारखी गत झाली!

मग तिथल्या शास्त्रज्ञांनी काय केले असेल? त्यांनी शत्रूच बोलावून आणले! १९९६ साली आफ्रिकेतल्या केनियातून एक पतंग आणून सोडला. त्याची अळी तोंडलीचा वेल आतून पोखरते. १९९९ साली दोन प्रकारचे भुंगेही सोडले. पण सोडण्याआधी हे किडे दुसऱ्या कुठल्या झाडावर ताव मारत नाहीत ना, हे बंद खोलीत नीट तपासून पाहिले. हे तपासणे फार महत्त्वाचे, बरे का! कारण १८८३ साली तिथल्या उसाच्या मळेवाल्यांनी उंदीर मारायला मुंगसे आणली होती. ती मूळची आपल्या भारतातलीच, जमैका बेटामार्गे गेलेली. पण उंदीर हिंडतात रात्री आणि मुंगूस हिंडते दिवसा! दोघांची गाठ क्वचितच पडायची. मुंगसांनी उंदीर सोडले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. आजही ती तिथे आहेत. न तपासता केलेला उपाय असा अंगाशी येतो. उलट २००५ साली एक परदेशी गांधीलमाशी तिथे शिरली. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढीशीच. पण विलिविलीच्या पानांवर तिने गाठीच गाठी केल्या. झाडे मरू लागली. तेव्हा तिचा शत्रू शोधून, नीट पारखून २००८ साली सोडला आणि विलिविली पुष्कळशी सावरली.

आता मला दुसरा प्रश्न पडला होता. ही तिथली मूळची झाडे एवढी भोळी कशी? कुणीही यावे आणि दाबून टाकावे?

त्यासाठी आपल्याला खूप मागे जायला हवे. हवाई बेटे समुद्राच्या तळाशी झालेल्या ज्वालामुखींतून वर आली. सुरुवातीला नुसता काळा कातळ. ना माती, ना गवताचे पाते. मग तिथे झाडे आली कशी? तीन वाहनांनी. वारा, लाटा आणि पक्षी. नेच्यांची धुळीसारखी बीजे वाऱ्यावर आली. काही बिया तरंगत आल्या. काही पक्ष्यांच्या पोटातून आल्या, काही पिसांना आणि पायांच्या चिखलाला चिकटून आल्या. चिखलातून किती बिया येतात, याची गंमत चार्ल्स डार्विनने करून पाहिली होती. एका तितराच्या पायाला चिकटलेला मातीचा वाळका गोळा त्याने भिजवून ठेवला. त्यातून ८२ रोपे उगवली!

तरीही ३८०० किलोमीटर समुद्र ओलांडून पोचणे म्हणजे लॉटरीच. हजारो वर्षांतून एखादेच बी तिथे पोचून रुजायचे. पण जे रुजले, त्याला सगळे बेट मोकळे! त्याची पोरे-नातवंडे डोंगरावर गेली, दरीत गेली, समुद्रकाठी गेली आणि जागेप्रमाणे बदलत गेली. आज तिथे मूळच्या फुलझाडांच्या सुमारे १००० जाती आहेत. त्यातल्या दहांतल्या नऊ जाती जगात दुसरीकडे कुठेही रानात सापडत नाहीत.

आणि ऐका. या बेटांवर एका वटवाघळाखेरीज मूळचा असा एकही सस्तन प्राणी जमिनीवर नव्हता. गाय नाही, शेळी नाही, डुक्कर नाही, हरीण नाही. मग काट्यांची गरज काय? तिथल्या रासबेरीला काटे जवळजवळ उरलेच नाहीत. हात लावताच आग होणाऱ्या झुडपांच्या कुळातले एक झाड तिथे आहे, मामाकी. ते अंगाला लावा, काही होत नाही! तिथल्या पुदिन्याच्या भाऊबंदांना तो उग्र वासच नाही. घराला कधी चोरच आले नाहीत, तर कडीकोयंडा कोण लावणार?

मग माणूस आला. सुमारे हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या बेटांवरून पॉलिनेशियन लोक होड्यांतून आले. ताऱ्यांकडे बघत, होकायंत्राशिवाय! नव्या घरी जायचे म्हणून त्यांनी होडीत काय घेतले असेल, ओळखा. नारळ, केळी, ऊस, रताळी, हळद, नीरफणस आणि अळू! मला तर यादी ऐकून आपल्या कोकणातल्या परसाचीच आठवण झाली. अळूला ते 'कालो' म्हणतात. त्यांची एक कथा आहे. त्यांच्या पूर्वजांच्या घरी पहिले मूल झाले ते जगले नाही. त्याला जमिनीत पुरले, तिथून अळूचे पहिले रोप उगवले. नंतर दुसरे मूल झाले, तो पहिला माणूस. म्हणजे अळू थोरला भाऊ आणि माणूस धाकटा! धाकट्याने थोरल्याची निगा राखायची आणि थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचे. किती छान ना? मुलांनो, तेही झाड बाहेरूनच आलेले. पण ते शेतात राहिले, रानावर चालून गेले नाही.

१७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे आली. त्यांनी शेळ्या सोडल्या. १७९३ साली व्हँकुव्हर नावाच्या दुसऱ्या कप्तानाने तिथल्या राजाला गाई भेट दिल्या. राजाने दहा वर्षे त्यांना मारायचे नाही, असा हुकूम काढला. गुरे रानात शिरली, वाढली आणि त्या बिनकाट्याच्या, बिनवासाच्या झाडांवर त्यांनी ताव मारला. रान उघडे पडले. त्या उघड्या जागेत जगभरातून आणलेली शोभेची झाडे, चाऱ्याची गवते, कुंपणाचे वेल घुसले. आज हवाईत बाहेरून येऊन रुजलेल्या झाडांच्या जाती मूळच्या जातींपेक्षा जास्त आहेत. मूळच्यांपैकी शंभरावर जाती-उपजाती कायमच्या संपल्या. तीनशेहून अधिक धोक्यात आहेत.

आकडे ऐकून तुम्हाला कंटाळा येईल, म्हणून एका झाडाची गोष्ट सांगते. आम्ही माउई नावाच्या बेटावर गेलो. तिथे हालेआकाला नावाचा ३०५५ मीटर उंच ज्वालामुखी आहे. पहाटे एवढी थंडी, की मी साडीवर भाचीचे दोन स्वेटर चढवले होते! सूर्य वर आला आणि लालकाळ्या राखेत मला चांदीचे गोळे चमकताना दिसले. जवळून पाहिले तर झाडे! तलवारीसारखी पाने आणि त्यांवर रुपेरी लव. तिचे नाव अहिनाहिना. ही लव कडक ऊन परतवते. आपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते, हे तुम्हाला ठाऊक असेल. अहिनाहिनाही तशीच. पण ती थांबते २० ते ९० वर्षे! मग एका उन्हाळ्यात माणसाएवढा उंच तुरा येतो, शेकडो फुले येतात, बिया पडतात आणि झाड मरते. सारे आयुष्य एका फुलोऱ्यासाठी!

आणि माणसाने काय करावे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जाणारे लोक ही झाडे 'आठवण' म्हणून उपटून आणायचे! काहीजण तर ते गोळे मजेने उतारावरून घरंगळत सोडायचे. उरलेली शेळ्या-गुरांनी खाल्ली. झाड नामशेष व्हायला आले. तेव्हा उपटायला बंदी झाली. पुढे कुंपणे घातली, शेळ्या हटवल्या आणि झाडे पुन्हा हजारोंनी वाढली. पण १९९० नंतर पाऊस कमी, ऊन जास्त असे होऊ लागले आणि ती पुन्हा कमी होत आहेत. मी वाटेवरूनच पाहिले. वाट सोडून जवळ जायचे नाही, कारण तिची मुळे वरच्यावरच असतात, आपल्या पायांखाली चिरडतात. कासच्या पठारावर फुलांत बसून फोटो काढणारे लोक मला तेव्हा आठवले.

त्याच बेटावर लाहाइना नावाचे गाव. तिथे चौकात मी काय पाहिले असेल? वड! आपला वड! भारतातून आणलेले ते रोप १८७३ साली लावले, तेव्हा ते दोन-अडीच मीटर उंच होते. मी पाहिले तेव्हा त्याने सारा चौक व्यापला होता. मुले पारंब्यांशी खेळत होती, म्हातारी माणसे सावलीत बसली होती. मी पारंबीवर हात ठेवला आणि म्हटले, "काय रे बाबा, बरा आहेस ना?"

पाच वर्षांनी, ८ ऑगस्ट २०२३ला, त्या गावाला आग लागली. गाव जवळजवळ सगळे जळून गेले. सुमारे शंभर माणसे गेली. बातम्यांत तो चौक पाहून मी रडले. आग एवढी का पसरली? त्या दिवशी वारा भयंकर होता, हे एक कारण. दुसरे कारण गवत. गावाभोवती पूर्वी उसाचे मळे होते. ते बंद पडले आणि ओसाड जमिनीवर आफ्रिकेतले उंच गवत माजले. एके काळी गुरांच्या चाऱ्यासाठी मुद्दाम आणलेले! ते पावसात भराभर वाढते, उन्हाळ्यात वाळते आणि ठिणगी पडली की भडकते. जळून गेले तरी तेच सगळ्यांत आधी पुन्हा उगवते. बघा, गवताची एक मूठ कुणी कधीतरी आणली आणि तिचे मोल कुणी मोजले!

वडही होरपळला. पण लोकांनी त्याला पाणी घातले, मुळांना खत दिले आणि काही आठवड्यांत त्याच्या फांद्यांवर हिरवी पालवी दिसली. आपले घर जळालेले लोकसुद्धा ती पालवी बघायला येत होते.

म्हणजे परदेशी झाड चांगले की वाईट? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू हे सगळे आपल्याकडे अमेरिकेतून आलेले पाहुणे. त्यांच्याशिवाय आपले जेवण होईल का? पण घाणेरीही तिकडूनच आली. तुम्ही तिला टणटणी म्हणत असाल. तिची रंगीत फुले बघून इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या बागेत आणली आणि आज ती आपली जंगले दाबून बसली आहे. गंमत म्हणजे हवाईतही ती १८५८ साली शोभेसाठीच आली आणि तिला आवरायला १९०२ साली मेक्सिकोहून किडे आणावे लागले. झाड तेच, कुठे नेले, मोकळे सोडले का आणि तिथे त्याला आवरणारे कुणी आहे का, यावर सगळे ठरते. तोंडली माझ्या परसात भाजी असते आणि विलिविलीवर फास होते. झाडाला पाय नसतात, मुलांनो. त्याला नेणारे पाय आपले.

हवाईच्या रानवाटांच्या तोंडाशी जाडे ब्रश लावलेले असतात. आत जाताना आणि बाहेर येताना सगळे बूट घासतात. ओहिया नावाचे तिथले एक लाडके झाड आहे, आपल्या जांभळाच्या कुळातले. ज्वालामुखीच्या कातळावर सगळ्यांत आधी उगवते. एका बुरशीने त्याची दहा लाखांवर झाडे मेली आणि ती बुरशी बुटांच्या चिखलातूनही जाते. पहिल्या दिवशी मी तो ब्रश बघून हसले होते. शेवटच्या दिवशी टाचाही घासून काढल्या.

गावी परतल्यावर पावसाळ्यात मी डार्विनचा खेळ करून पाहिला. टेकडीवर फिरून आले आणि चपलांचा चिखल एका कुंडीत धुतला. महिन्याभरात अकरा रोपे उगवली. सात गवताची, एक माझ्या ओळखीबाहेरची आणि तीन गाजर गवताची! हे गाजर गवतही अमेरिकेतूनच आलेले. पुण्यात ते १९५०च्या दशकात प्रथम नजरेस आले आणि मग देशभर पसरले. त्याला गावोगावी पोचवणाऱ्यांत माझ्या चपलाही होत्या तर! तुम्हीही हा खेळ करा. कुंडीत बागेची माती घालू नका, स्वच्छ धुतलेली वाळू घाला, म्हणजे आयते बी आत येणार नाही. काय उगवले ते वहीत लिहा, आईबाबांना विचारून नावे शोधा आणि मला जरूर कळवा. गाजर गवत निघाले, तर फुलायच्या आत हातमोजे घालून उपटून टाका. काहींच्या अंगाला त्याने खाज येते.

२०१९च्या दिवाळीत भाची घरी आली. आईने लावलेल्या वेलाची तोंडली मी केली होती. तिने तीनदा वाढून घेतली. निघायच्या दिवशी बघते तर काय, ही ओट्यावर बसून आपल्या मोज्यांतली कुसळे एकेक करून काढते आहे. मी विचारले, "अगं, बरोबर काय बांधून देऊ?"

ती हसून म्हणाली, "गोडा मसाला दे, मावशी. आणि तोही मी फॉर्मवर लिहिणार हं!"